जाळीच्या फोटोतले रंगीत पट्टे
एकाच नक्षीचा, म्हणजे पॅटर्नचा फोटो काढताना तो पूर्ण फ्रेमभर भरला पाहिजे, कडेला मोकळी जागा दिसली की सगळी मजा जाते, हे मला एकदम पटतं, फक्त जाळी, विणलेलं कापड असं बारीक काही असेल तर एक गोष्ट सांभाळा. मी एकदा साध्या पांढऱ्या जाळीचा फोटो काढला तर त्यात पाण्यावर तरंग उठावेत तसे वाकडे हिरवे-जांभळे पट्टे आले, मला वाटलं लेन्सच बिघडली. याला म्वारे म्हणतात, जाळीचे धागे आणि कॅमेऱ्यातल्या सेन्सरवरच्या (प्रकाश टिपणाऱ्या भागावरच्या) पिक्सेलच्या ओळी जवळपास सारख्या अंतरावर आल्या की दोन्ही मिळून तिसराच, मोठा पॅटर्न तयार होतो. दोन कंगवे एकावर एक ठेवून जरा तिरके करा, नुसत्या डोळ्यांनाही तेच दिसतं, खरंच करून बघा, फार सुंदर दिसतं!

फोटोत नको असेल तर पाऊलभर पुढे-मागे सरका नाहीतर कॅमेरा किंचित फिरवून धरा, बहुतेक वेळा जातं. आणि डिलीट करायच्या आधी पूर्ण झूम करून बघाच, कारण कधीकधी हे पट्टे फक्त स्क्रीनवरच्या छोट्या प्रीव्ह्यूत असतात, मूळ फोटो स्वच्छ असतो.