गगनबावडा पट्ट्यात रान तोडून वसलेलं पहिलं कुटुंब: पहिल्या पावसाळ्याआधी काय काय उरकायला लागायचं?

वाडीचा_फलक

गावच्या शाळेसाठी माहितीफलक करतोय. काळ साधारण १८०० चा, पंत अमात्यांच्या बावडा जहागिरीचा मुलूख. नवरा-बायको, म्हातारी आई, दोन पोरं, एक बैलजोडी, एक म्हैस. माझा कच्चा आराखडा असा: वैशाखात आले, पंधरा दिवसांत दगडमातीचं घर उभं केलं, मृगाला भात पेरलं, दिवाळीला कापलं. हे बसतंय का? वर्षाला धान्य किती लागेल? आणि जमीन मुळात कुणाची, सारा कुणाला?

शाकारणी

भावा, वैशाखात आलेलं कुटुंब श्रावणापर्यंत टिकणार नाही. यायचं दिवाळी झाल्यावर. कारण साधं आहे: छपराचं गवत कार्तिक-मार्गशीर्षात कापायला येतं. बी धरून वाळलेलं, पण अजून उभं असलेलं. वैशाखापर्यंत ते गुरांनी तुडवलेलं असतं नाहीतर वणव्यात गेलेलं.

दगडमातीचं घरही काढून टाक. कोल्हापूर शहरात वर्षाला जेमतेम हजार मिलिमीटर पाऊस, तिथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर गगनबावड्यात पाच हजारांच्या वर. कच्च्या मातीच्या भिंतीला पुढं आलेलं छप्पर आणि दगडी जोतं दोन्ही नसलं तर आषाढात ती पायातून विरघळते. पहिलं घर कुडाचं असतं:

मेढी (वर दुबेळकं असलेले खांब) ऐनाच्या किंवा जांभळाच्या. जमिनीत दीड-दोन हात गाडायच्या आणि गाडायचं टोक आधी विस्तवावर काळं करून घ्यायचं, म्हणजे वाळवी उशिरा लागते. मधल्या उंच मेढींवर आडं (छपराच्या कण्याचं आडवं लाकूड), त्यावरून दोन्ही बाजूंना वासे. भिंतीला कारवीच्या काठ्या उभ्या लावून वेलींनी बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेण-मातीचा गिलावा. कारवी आणि बांबू ओढ्याच्या पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवला तर भुंगा कमी लागतो, कारण त्यातला गोडवा पाण्यात निघून जातो. लोक अवसेच्या पंधरवड्यात तोडा म्हणतात, पण खरा फरक पाण्यात कुजवण्यानं पडतो.

बारा हात बाय आठ हात एवढं घर पाच माणसांना आणि कोपऱ्यात म्हशीला पुरतं. छपराचा उतार निम्म्या काटकोनाइतका तरी हवा. त्याहून सपाट केलं की पाणी गवतात मुरतं आणि भाद्रपदात वासे कुजलेले सापडतात. गवताचा थर वीतभर जाड, खालून वर रचत न्यायचा. पश्चिमेच्या अंगाला गवताची वेगळी ताटी, कारण पाऊस तिकडून आडवा येतो. चुलीचा धूर बाहेर काढायला भोक ठेवू नका. तोच धूर छप्पर कोरडं ठेवतो आणि माळ्यावरचं बियाणं किड्यांपासून राखतो. डोळे चुरचुरतात, पण त्याला इलाज नाही.

नाचणा_वरी

शेतीचा भाग पूर्ण बदलायला लागेल. भाताला खाचर लागतं: सपाटी, बांध, पाणी धरायची ताल. उतारावर पहिल्या वर्षी त्यातलं काहीच नसतं. दरवर्षी थोडं थोडं करून खाचर बनायला तीन-चार वर्षं जातात. पहिलं पीक नाचणा आणि वरी, तेही कुमरीवर, म्हणजे रान तोडून-जाळून केलेल्या उतारावर.

कुमरीचा क्रम असा. पौष-माघात झुडपं आणि लहान झाडं तोडून जागेवरच पसरायची. बुंधे गुडघाभर ठेवायचे, मुळं उपटायची नाहीत, नाहीतर पहिल्या धोधो पावसात माती खाली ओढ्यात. मोठ्या झाडांचा फक्त टहाळ काढायचा. दोन-अडीच महिने वाळलं की चैत्राच्या अखेरीस जाळायचं. घाई केली तर ओलं लाकूड अर्धवट जळतं आणि पेरणीच्या आड येतं. उशीर केला तर वळीव येऊन सगळं भिजवून जातो. चूक बहुतेक वेळा इथंच होते.

पहिल्या वर्षी नांगर चालत नाही, बुंधे असतात. कुदळीनं राख मातीत खरवडायची. बैलजोडी तेव्हा फक्त ओझी वाहते आणि खाते, हे फलकावर लिहायला हरकत नाही.

नाचण्याचा तरवा (लावणीची रोपं) वेगळ्या राबावर, म्हणजे भाजून तयार केलेल्या वाफ्यावर. लावायच्या जमिनीच्या साधारण दहावा भाग राबाला. खाली शेण, वर टहाळ, वर गवत, सगळ्यात वर बारीक माती. पेटवायचं वाऱ्याच्या विरुद्ध जाईल असं, म्हणजे आग सावकाश सरकते आणि खालची जमीन भाजते. राखेपेक्षा हे भाजणं महत्त्वाचं, तणाचं बी त्यानंच मरतं. मृगाचा पाऊस लागला की बी टाकायचं, एकराला दोन-तीन किलो पुरे. साधारण २५ दिवसांचा तरवा उपटून ठोंब्यानं भोकं पाडून लावायचा. वरी थेट फेकून पेरायची.

आता हिशोब. किलोतच देतो, कारण पायली दर मुलखात वेगळी होती आणि त्यावरून इथं भांडणं होतील. मोठ्या माणसाला दिवसाला अर्धा किलो, पोराला ३०० ग्रॅम. तीन मोठे, दोन लहान मिळून दिवसाला २.१ किलो, वर्षाला पावणेआठ क्विंटल. उतारावर एकरी तीन क्विंटल धरले तर अडीच-तीन एकर लागतात. तीन एकर नाचणा लावायला हात पुरत नाहीत. म्हणून दोन एकर नाचणा, एक एकर वरी. आणि वरी तीन महिन्यांत येते, नाचण्याच्या आधी. तिचं खरं मोल त्यात.

दुसऱ्या वर्षी त्याच जागी वरी, तिसऱ्या वर्षी कारळा (तेलबी), मग आठ-दहा वर्षं रान परत वाढू द्यायचं.

वाडीचा_फलक

म्हणजे दिवाळीला आले तर पुढच्या दिवाळीपर्यंत घरातलं धान्य खायचं? पावणेआठ क्विंटल डोंगरावर आणायचं कसं?

काळी_पांढरी

एकदम आणत नाहीत. उन्हाळ्यात खालच्या गावात मजुरी आणि उसनवारी, म्हैस दुभती असेल तर तूप विकून. लोणी नाही, ते उन्हात टिकत नाही.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. जमीन मोकळी पडली होती म्हणून कुणीही जाऊन तोडावी, असं नव्हतं. पडीक रान लागवडीला आणायला सरकारातून किंवा जहागीरदाराकडून कौल (लेखी करार) मिळायचा, त्यात इस्तावा असायचा. सुरुवातीला नाममात्र सारा, मग दरसाल वाढवत पूर्ण दरापर्यंत. सूट चार-पाच वर्षं मिळाली तरच वर सांगितलेला खाचराचा हिशोब जुळतो. नवा आलेला माणूस उपरी; मिरासदाराला जमिनीवर वंशपरंपरा हक्क, उपऱ्याला नाही. फलकावर त्याला ‘जमीनमालक’ म्हणू नकोस. घरांची जागा ती पांढरी, पिकाची ती काळी. आणि पांढरीची जागा निवडताना आधी बारमाही झरा बघायचा, मग उतार.

शाकारणी

एक राहिलं: मीठ. पाच माणसांना वर्षाला पंधरा-सोळा किलो. करूळ, भुईबावडा, फोंडा अशा घाटांनी कोकणातून बैलांच्या पाठीवर वर यायचं. पावसात घाट बंद, म्हणून मृगाआधी भरून ठेवायचं. टोपलीत ठेवलं तर दमट हवेत पाझरून निम्मं जातं. मडक्यात भरून चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवायचं.

नाचणा_वरी

आणि वरी यायच्या आधीचा श्रावण-भाद्रपद. टाकळा, कुर्डू, भारंगीची भाजी पोटाला आधार देते, पण भर नाही. भर कंदांची. कडू कंद मात्र तसाच शिजवून खाल्ला तर घसा धरतो, उलट्या होतात. पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, मग टोपलीत घालून वाहत्या ओढ्यात रात्रभर सोडायच्या. सकाळी एक चकती चाखायची. जीभ चुरचुरली तर टोपली परत पाण्यात.