फोल्डरमधली सगळ्यात नवीन फाइल कमांडलाइनवर कशी उचलायची? एलएस मायनस टी (फाइली नवीन आधी दाखवणारी कमांड) मधेच जुनी देतंय

रात्रपाळी_सांगली:
नमस्कार मंडळी. तालुक्यातल्या एका दूध संस्थेचा सर्व्हर मी बघतो, संकलनाचा सगळा डेटा पोस्टग्रेस डेटाबेसमधे आहे (लिटर, फॅट, एसएनएफ, दहा दिवसांची बिलं). रोज रात्री पीजी डंपचं (डेटाबेसची प्रत काढणारी कमांड) आउटपुट जीझिप होऊन म्हणजे दाबून लहान होऊन एका फोल्डरात पडतं, नाव असं असतं: दूध-०१-०४-२०२५.एसक्यूएल.जीझेड. सकाळी क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवतो तो) तो अख्खा फोल्डर एससीपी मायनस आर ने म्हणजे नेटवर्कवरून कॉपी करून टेस्टिंगच्या मशीनवर आणतो, आणि तिथली स्क्रिप्ट एलएस मायनस टी, पाइप (एकाचं आउटपुट दुसऱ्याला), हेड मायनस एन १ (फक्त पहिली ओळ) असं करून जी फाइल वर येईल ती रिस्टोर करते. आता होतंय काय की एखाद्या दिवशी बरोबर कालचा डंप मिळतो आणि एखाद्या दिवशी चार-पाच दिवसांपूर्वीचा, एरर कसलीच येत नाही, बिलं तपासायला बसल्यावर आकडे जुळत नाहीत तेव्हा कळतं. नवीन फाइल नेमकी निवडून देणारं वेगळं टूल आहे का, का एलएसलाच अजून काही लावायचं राहिलंय? दोन्हीकडे डेबियन लिनक्स आहे.

टक्स_सातारा:
टूल बदलायची गरज नाही, एलएस त्याचं काम नीट करतंय. मायनस टी बघतं एमटाइम, म्हणजे फाइलमधला मजकूर त्या डिस्कवर शेवटचा कधी लिहिला गेला ती वेळ. आतला डेटा कधीचा आहे हे त्याला ठाऊक असायचं कारणच नाही. आणि एससीपी साधं चालवलं तर मूळची वेळ सोबत आणत नाही, इकडे आल्यावर प्रत्येक फाइलला कॉपी झाली तेव्हाची वेळ लागते. म्हणजे जी फाइल सगळ्यात शेवटी कॉपी झाली ती "नवीन". फोल्डरातल्या फाइली कुठल्या क्रमाने कॉपी होतील ते तारखेवर ठरत नाही, म्हणून तुम्हाला ते लहरी वाटतंय. दोन्ही मशीनवर एकाच फाइलवर स्टॅट कमांड चालवून मॉडिफाय समोरची वेळ बघा, लगेच दिसेल.

एससीपीला मायनस पी लावा, वेळ टिकते. त्याहून चांगलं म्हणजे कॉपीचं दुसरं टूल, आरसिंक मायनस ए, त्यात वेळ टिकवणं आलंच आणि आधीच आलेले डंप रोज परत ओढले जात नाहीत. मशीनवरच्या मशीनवर कॉपी करणाऱ्या सीपी ला पण हाच नियम, मायनस पी किंवा मायनस ए नसेल तर वेळ आजची. गिट (कोडच्या आवृत्त्या ठेवणारं टूल) वापरून क्लोन केलेल्या फोल्डरात तर एमटाइमवर विसंबूच नका, गिट फाइलींच्या वेळा साठवतच नाही.

मीरा_टर्मिनल:
वरचं सगळं बरोबर आहे पण मी म्हणेन की बॅकअपसाठी घड्याळावर अवलंबून राहूच नका. आज एससीपी दुरुस्त कराल, उद्या कोणीतरी पेनड्राइव्हवरून नाहीतर क्लाउडवरून फाइली आणेल, कोणी टच मारेल (फाइलची वेळ आत्ताची होते), की परत तेच. डंप कुठल्या दिवसाचा आहे हे नावात आहे ना, मग नावावरूनच निवडा. फक्त तारीख वर्ष-महिना-दिवस अशी हवी, २०२५-०४-०१. डेट कमांडला प्लस पर्सेंट कॅपिटल एफ दिलं की हाच फॉरमॅट मिळतो. मग साधं सॉर्ट आणि टेल मायनस एन १ (शेवटची ओळ), संपलं. तुमच्या आत्ताच्या नावांत दिवस पुढे आहे, त्यामुळे सॉर्ट केलं तर ३१ मार्च हा १ एप्रिलच्या नंतर येणार.

रात्रपाळी_सांगली:
पटलं. पण जुने डंप भरपूर आहेत, सगळ्यांची नावं बदलायची तर ऑडिटसाठी लिहून ठेवलेल्या याद्या पण बदलाव्या लागतील, ते आत्ता नको. आणि आमच्यातला एक डेव्हलपर मॅक वापरतो, त्याच्याकडे पण चाललं पाहिजे. नेटवर फाइली शोधणाऱ्या फाइंड कमांडची, मायनस प्रिंटएफ वाली ओळ सापडली ती त्याच्याकडे एरर देते.

मीरा_टर्मिनल:
नावं तशीच राहू द्या, सॉर्टला तुकडे पाडून सांगा. मायनस टी ला डॅश द्यायचा (इथला मायनस टी वेगळा बरं का, सॉर्टमधे तो तुकडे कुठे पाडायचे ते सांगतो), मग मायनस के ४,४ मायनस के ३,३ मायनस के २,२. म्हणजे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. दिवस-महिना दोन आकडी आहेत म्हणून हे जमतं, कुठे ०१ ऐवजी नुसता १ असेल तर तिथे गडबड होईल. आणि आधी सीडी करून त्या फोल्डरात जा, नाहीतर पाथमधे कुठे डॅश असला तर तुकड्यांचे नंबर सरकतात. हे मॅकवर पण जसंच्या तसं चालतं.

प्रिंटएफ हे लिनक्सवरच्या जीएनयू फाइंडचं आहे, मॅकच्या फाइंडमधे नाही म्हणून एरर. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून डिफॉल्ट शेल (आपल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) झेडशेल आहे, तिथे वेळेवरूनच नवीन फाइल हवी असेल तर पाइपपण लागत नाही: स्टार, कंसात डॉट ओ एम, त्यातच चौकोनी कंसात १. डॉट म्हणजे फक्त साध्या फाइली, ओ एम म्हणजे नवीन आधी. मला तरी शेलमधली ही सगळ्यात सुंदर सोय वाटते.

शेल_अण्णा:
एक धोका कोणी लिहिला नाही म्हणून लिहितो. बॅश या शेलच्या स्क्रिप्टमधे नलग्लॉब ही सेटिंग चालू असेल आणि एलएस मायनस टी स्टार डॉट जीझेड लिहिलं असेल आणि त्या दिवशी फोल्डरात एकही जीझेड नसेल, तर स्टारच्या जागी काहीच उरत नाही, एलएसला नुसतं एलएस समजतं आणि ते आहे त्या फोल्डरातलं सगळं दाखवतं, मग हेड त्यातली पहिली कुठलीही फाइल रिस्टोरला देतं. म्हणून निवडलेलं नाव रिस्टोरला द्यायच्या आधी ते रिकामं नाही ना आणि दूध- ने सुरू होतंय ना हे तपासाच, दोन ओळींचं काम आहे. नावात स्पेस असू शकते तिथे व्हेरिएबल अवतरणचिन्हात.

वेळेवरूनच निवडायचं असेल तर बॅशमधे फॉर लूप आणि मायनस एनटी वापरा, दोन फाइलींतली कुठली नवी ते तो सांगतो, एलएसचं आउटपुट वाचायची भानगडच राहत नाही.

टक्स_सातारा:
आणि सगळ्यात नवीन डंप हा पूर्ण झालेला डंप असेलच असं नाही हो! रात्री डंप लांबला आणि तेवढ्यात सकाळचा क्रॉन सुटला तर नाव आजचं, वेळ आजची, आत अर्धाच डेटा. त्यासाठी डंप आधी शेवटी डॉट पार्ट लावलेल्या नावाने लिहा आणि पूर्ण झाल्यावरच एमव्ही करून खरं नाव द्या. एकाच फाइलसिस्टिमवर एमव्ही म्हणजे नुसतं नाव बदलणं, त्यामुळे खऱ्या नावाची अर्धवट फाइल कोणाला दिसतच नाही.

अजून एक, पीजी डंप पाइप जीझिप असं असेल तर पीजी डंप मधेच मेलं तरी जीझिप खुशाल शून्य म्हणजे 'यशस्वी' परत करतं आणि स्क्रिप्टला सगळं ठीक वाटतं. वर सेट मायनस ओ पाइपफेल लिहा, मग पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी कळतं. जीझिप मायनस टी ने (फाइल धड आहे का ते तपासतं) पण हे पकडता येत नाही, कारण जीझेड म्हणून फाइल धडधाकटच असते. साध्या टेक्स्ट डंपच्या शेवटाजवळ पोस्टग्रेस "डेटाबेस डंप कम्प्लीट" अशी कॉमेंट इंग्रजीत टाकतं, झेडकॅट करून (जीझेडमधला मजकूर दाखवतं) टेलमधे ती ओळ दिसते का बघा, नसेल तर त्याच्या आधीचा डंप घ्या आणि स्वतःला मेल पाठवा.

रात्रपाळी_सांगली:
झेडकॅट टेल आत्ताच चालवलं, परवाच्या डंपमधे ती ओळ नाहीये. आधी पाइपफेल आणि डॉट पार्ट टाकतो, नंतर सॉर्ट. आरसिंक पण आज रात्रीपासूनच.