सूची नसलेला नवा संशोधनग्रंथ पुरस्काराला पात्र धरू नये

पानोपानी (धागा सुरू करताना)

नवं संशोधनपर पुस्तक हातात आलं की आधी शेवटची पानं उघडावीत. तिथे सूची, म्हणजे नावं आणि विषय वर्णक्रमाने लावून पुढे पानांचे आकडे देणारी यादी, नसेल तर ते पुस्तक पूर्ण झालेलं नाही, असं माझं मत आहे. पुरस्कार समित्यांनी सरळ नियम करावा: वैचारिक आणि संशोधन गटात सूचीशिवाय आलेलं पुस्तक विचारातच घ्यायचं नाही.

मराठेकालीन महसुलावरचा चारशे पानांचा ग्रंथ धरा. तो सलग वाचणारे थोडे असतात. बाकीच्यांना एखादा कर, एखादा परगणा, एखादं घराणं शोधायचं असतं. अनुक्रमणिका फक्त प्रकरणांची नावं देते. चौथाई, म्हणजे मराठे वसूल करत तो महसुलाचा चौथा हिस्सा, मात्र चार प्रकरणांत विखुरलेली असते, कधी ‘चौथ’ म्हणून, तर कधी तिच्या वाट्यांच्या नावाने: बाबती, साहोत्रा, नाडगौडा, मोकासा. हे चारही वाटे चौथाईचेच आहेत, हे ज्याला आधीपासून माहीत आहे त्यालाच ते सापडतात. चांगली सूची ‘मोकासा’पाशी ‘चौथाईही पाहा’ असं लिहिते, आणि नव्या वाचकाला तिथेच विषयाची रचना कळते.

हीच कसोटी खेळाडूंच्या चरित्रांना आणि कवितासंग्रहांनाही लावावी. तिथे सूचीचं रूप वेगळं असेल, पण शोधायची सोय हवीच.

दोनरंगी

मुद्दा पटतो, नियम पटत नाही. छपाईच्या बाजूने बघा. डेमी आकारात फॉर्म, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा, 16 पानांचा असतो. 304 पानं म्हणजे बरोबर 19 फॉर्म. सूचीची 10 पानं वाढली की विसावा फॉर्म लागतो आणि त्यातली 6 पानं कोरी जातात. प्लेट, कागद, छपाई, घडी, शिलाई हे सगळं एका फॉर्मने वाढतं. पाचशेची आवृत्ती संपायला कैक वर्षं लागणाऱ्या विषयात हा खर्च किमतीवर चढतो आणि पुस्तक विद्यार्थ्याच्या हातून आणखी लांब जातं.

दुसरी गोष्ट वेळेची. पानं पक्की झाल्याशिवाय सूचीत आकडे भरता येत नाहीत, आणि लेखक शेवटच्या प्रुफातही परिच्छेद घालतात. सत्तेचाळिसाव्या पानावर आठ ओळी वाढल्या की पुढचे आकडे सरकतात. चुकीची सूची नसलेल्या सूचीपेक्षा वाईट, कारण वाचक तिच्यावर विश्वास ठेवतो.

त्यापेक्षा पुस्तकाची शोधता येणारी पीडीएफ ठेवावी आणि मलपृष्ठावर क्यूआर कोड द्यावा. शब्द टाकला की पान मिळतं. नियमच करायचा असेल तर तो करा.

विभक्ती

पीडीएफमधला शोध इंग्रजीत बऱ्यापैकी चालतो, मराठीत तो अर्ध्यावर अडतो. ‘पुणे’ टाका, ‘पुण्यात’, ‘पुण्याहून’ सापडणार नाही. ‘सातारा’ टाकलं तर ‘साताऱ्याला’ निसटतं. ‘राजवाडे’ टाकून ‘राजवाड्यांनी’ मिळत नाही, आणि मराठी वाक्यात माणूस बहुतेक वेळा विभक्तीतच भेटतो. शोधायचं तर ‘पुण्’, ‘साताऱ्’, ‘राजवाड्’ अशी तोडलेली रूपं वेगळी टाकावी लागतात. हे किती वाचक करतील?

त्याहून मोठी अडचण फॉन्टची आहे. पुष्कळ पुस्तकं अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात जुळवली जातात. पानावर देवनागरी दिसते, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. अशा पीडीएफमधून एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवा, लगेच कळेल. तिथे शोध चालतच नाही.

आणि शोध चालला तरी तो शब्द दाखवतो, विषय दाखवत नाही. ‘दुष्काळ’ हा शब्द न वापरता लेखकाने तीन पानं धान्याच्या भावावर लिहिली असतील, तर ती पानं दुष्काळाखाली आणणं हे माणसाचंच काम आहे.

पानोपानी

फॉर्मचं गणित पूर्ण मांडू. 23 × 36 इंची कागदाच्या एका तावात डेमीची 32 पानं बसतात. म्हणजे 16 पानांच्या फॉर्मला अर्धा ताव. 500 प्रतींना 250 ताव, म्हणजे अर्धं रीम, वर वाया जाणारा थोडा कागद. एवढ्यावर सूची अडते असं म्हणणं मला मान्य नाही. शिवाय मजकूर 304 वर संपेल हे आधी दिसत असताना मांडणी बदलता येते. प्रत्येक पानावर एक ओळ वाढवली तर आठ-नऊ पानं सुटतात. सूची दोन रकान्यांत, 9 पॉइंटमध्ये घेतली तर तेवढ्यात जवळजवळ बसते. राहिलं एखादं पान, तर पुस्तकाच्या सुरुवातीची कोरी पानं बघा, तिथेही जागा निघते.

क्यूआरबद्दल एवढंच: दुसऱ्या आवृत्तीत पानं बदलतात, संकेतस्थळाचं नूतनीकरण राहून जातं, आणि ग्रंथालयातली प्रत मात्र पन्नास वर्षं टिकते. सूची त्या प्रतीत शिवलेली हवी.

लाल माती

चरित्रांना हीच कसोटी लावू नका. खेळाडूच्या चरित्रात नावांच्या सूचीपेक्षा कामगिरीचं परिशिष्ट दहापट महत्त्वाचं आहे, आणि नव्या चरित्रांत नेमकं तेच गायब असतं. भावनेने ओथंबलेली अडीचशे पानं असतात, पण कुठल्या फेरीत कोणाशी, किती वजनगटात, काय निकाल, हे एका जागी नसतं.

खाशाबा जाधवांचं उदाहरण घ्या. 1948 लंडन, फ्लायवेट, सहावा क्रमांक. 1952 हेलसिंकी, बॅन्टमवेट, कांस्य. दोन ऑलिंपिकांत वजनगट बदलला, 52 किलोंवरून 57 किलोंवर. ही एक ओळ तक्त्यात असेल तर वाचक आपोआप विचारतो की चार वर्षांत तयारीत काय बदललं. ‘स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक’ यातला ‘स्वतंत्र’ शब्द गाळला की वाक्य वादात सापडतं, कारण 1900 साली पॅरिसमध्ये नॉर्मन प्रिचर्डच्या नावावर दोन रौप्यपदकं आहेत. परिशिष्ट करायला बसलेला लेखक अशा चुका आधीच पकडतो.

नेमबाजीत तर तक्ता नसेल तर वाचक फसतो. स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन रायफलच्या पात्रता फेरीत 590 गुण मिळवले आणि अंतिम फेरीत 451.4 वर कांस्य घेतलं. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘गुण घसरले’ असं कुणी लिहिलं तर ते साफ चूक. पात्रतेत 60 गोळ्या आणि पूर्णांकात गुण, कमाल 600. अंतिम फेरीत गुण दशांशात, एका गोळीला कमाल 10.9, आणि तिसरा नेमबाज 44 व्या गोळीनंतर बाहेर पडतो. 451.4 ला 44 ने भागा, सरासरी 10.26 येते. ही कामगिरी उत्तम आहे, आणि ती वाचकाला कळायला तक्त्याखाली दोन ओळींची टीप पुरते.

म्हणून नियम करायचाच असेल तर चरित्रांसाठी ‘परिशिष्ट नाही तर प्रवेश नाही’ असा करा. सूची नसली तरी चालेल.

विभक्ती

परिशिष्टाला शंभर टक्के पाठिंबा, पण ‘सूची नसली तरी चालेल’ याला नाही. कुस्तीगिराच्या चरित्रात वस्ताद, तालमी, प्रतिस्पर्धी, आश्रयदाते यांची शेकडो नावं येतात. पुढे कुणी त्या तालमीचा इतिहास लिहायला घेतला तर हे चरित्रच त्याचं साधन असणार. तुमचा तक्ता आजच्या वाचकाला उपयोगी, सूची पुढच्या लेखकाला.

ओळ

कवितेला यातून सोडा. ऐंशी पानांच्या नव्या संग्रहात पंचावन्न कविता असतात, अनुक्रमणिका पुरते. सूची लागते ती समग्र कवितेला, तीही पहिल्या ओळीची, कारण वाचकाला शीर्षक आठवत नाही, ओळ आठवते. ही आपल्याकडची जुनी रीत आहे. तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांवर अभंग, आणि शेवटी अकारविल्हे पहिल्या चरणांची यादी. कीर्तनाला उभा राहणारा माणूस त्या यादीवरूनच अभंग काढतो.

नव्या संग्रहात माझी मागणी वेगळी आहे. प्रुफं कवीने स्वतः, छापील कागदावर, मोठ्याने वाचून तपासावीत. जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये मजकूर आणताना सर्वांत जास्त बिघडतो तो र. ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला आणि शुद्धलेखन तपासणारी प्रणाली गप्प, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. गद्यात संदर्भाने चूक कळते, पण कवितेत वाचक ती प्रतिमा म्हणून स्वीकारतो.

दुसरं, ओळीची लांबी. पुस्तकाची रुंदी ठरवण्याआधी संग्रहातली सर्वांत लांब ओळ मोजा. ती बसत नसेल तर अक्षर अर्धा पॉइंट कमी करा किंवा समास कमी करा. एवढं करूनही ओळ मोडलीच तर उरलेला तुकडा आत सरकवून ठेवा, म्हणजे ती नवी ओळ नाही हे दिसेल. ई-पुस्तकात वाचक अक्षर मोठं करतो आणि ओळी हव्या तिथे तुटतात, त्यामुळे तिथे तर हा आत सरकवलेला तुकडा बंधनकारकच हवा. कवितासंग्रहाच्या शेवटी चार पानं मोकळी असतील तर ती प्रत्येक कवितेचं वर्ष आणि प्रथम प्रसिद्धी यांना द्या.

दोनरंगी

कागदाचा मुद्दा सोडतो, अर्ध्या रीमवर भांडण्यात अर्थ नाही. पण सूची करणार कोण? तीनशे पानांना सरावलेल्या माणसाचेही आठ-दहा दिवस जातात, आणि सरावलेली माणसं मोजकी आहेत. नियम झाला की घाईघाईत यंत्राकडून काढलेल्या याद्या येतील. ‘शिवाजी महाराज’ आणि पुढे ओळीने साठ पानांचे आकडे. ‘बाजीराव’ एका नोंदीत, पहिले आणि दुसरे एकत्र. समिती म्हणेल सूची आहे, पुस्तक पात्र. मला भीती या देखाव्याची वाटते.

पानोपानी

ही भीती खरी आहे, म्हणून नियमात दर्जाही लिहावा लागेल. एका नोंदीपुढे सहाहून जास्त आकडे आले तर पोटनोंदी हव्यात: ‘शिवाजी महाराज: आरमार, जमीनमोजणी, कर्नाटक मोहीम’. एका नावाच्या दोन व्यक्ती वेगळ्या केलेल्या हव्यात. समितीने कुठल्याही तीस नोंदी काढून पानं पडताळावीत. दोन-तीन नोंदी एकाच अंतराने चुकल्या, तर पानं सरकल्यावर सूची सुधारलेली नाही हे नक्की.

काम लेखकानेच सुरू करावं, आणि हस्तलिखित हाती असतानाच. नावांची आणि संज्ञांची यादी करायची, प्रत्येकाचं एक रूप ठरवायचं. आकडे नंतर. प्रत्येक प्रकरण नव्या पानावर सुरू केलं, आणि वाढलेल्या ओळी प्रकरणाच्या शेवटच्या मोकळ्या जागेत जिरल्या, तर पुढच्या प्रकरणांचे आकडे हलत नाहीत.

क्रम मात्र संगणकावर सोडू नका. युनिकोडच्या क्रमात ळ हे ल आणि व यांच्या मध्ये आहे, आपल्या वर्णमालेत ते ह नंतर येतं. संगणक ‘काळे’ आधी लावेल आणि ‘काशीकर’ नंतर, मराठी वाचक उलट शोधेल. क्ष हा क खाली लावायचा की शेवटी, हे ठरवून सूचीच्या माथ्यावर एका ओळीत छापा.

दोनरंगी

दर्जाची अट आणि तीस नोंदींची पडताळणी असेल तर संशोधन गटापुरता माझा विरोध मागे. पण सूचीची अट नियम जाहीर झाल्यापासून दोन वर्षांनी लागू करा. आज जुळणीत असलेल्या पुस्तकांच्या करारात सूचीचं काम आणि मोबदला कुणाचा हे कलमच नाही. चरित्रांसाठी मात्र मी लाल मातीच्या बाजूने: आधी परिशिष्ट.