टीबी वॉर्डात पाच दिवसांत दोन पेशंट गेले, मामाला घरी आणू का?

येवल्याचा_पक्या:
नमस्कार मंडळी, जरा घाबरूनच लिहितोय. मामाला (वय ५२) सोमवारी सरकारी दवाखान्यात टीबी वॉर्डला टाकलंय. बेडका तपासला, सीबीनॅटमध्ये (बेडक्यातला जंतू शोधणारी मशीनची टेस्ट) टीबी निघाला, पण औषधं लागू पडणारा आहे म्हणाले. वजन ३६ किलो, उंची साडेपाच फूट. शुगर आहे आणि खरं सांगायचं तर रोजची क्वार्टर पण आहे. समोरच्या दोन कॉटवरची माणसं गेली, दोघांच्याही गोळ्या चालू होत्या. मामी म्हणते इथं आलेला परत जात नाही, घरी चला. टीबीला औषध आहे ना, मग माणसं मरतात कशाने? आणि शेजारच्याला चार गोळ्या, मामाला तीनच, असं का? त्यात एचआयव्हीची टेस्ट सांगितली तेव्हापासून मामीचं रडणं थांबत नाहीये.

शिफ्ट_संपली:
पक्या, मी १९ वर्षं छातीच्या वॉर्डात सिस्टर होते. आधी मामीला सांग, एचआयव्हीची टेस्ट टीबीच्या प्रत्येक पेशंटला सांगतात, मामावर कोणी संशय घेतलेला नाही. गोळ्या वजनावर असतात, ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ ला चार. मामाला तीनच बरोबर.

आता माणसं का जातात. अरे, वॉर्डात येतोच कोण? चालत्याफिरत्या पेशंटला गोळ्या देऊन घरी पाठवतात, जो कॉटवर येतो तो आधीच खंगलेला असतो, दोन-तीन महिने खोकला अंगावर काढलेला, हिमोग्लोबिन गेलेलं, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) गेलेलं, आणि गोळी पहिल्या दिवशी जंतूवर काम सुरू करते पण अंगात ताकद काही गोळीने येत नाही. मृत्यू जास्त करून पहिल्या काही आठवड्यांतच होतात ते यामुळेच. मी एक्सरेपेक्षा पेशंट स्वतःच्या पायावर उभा राहतो का ते बघायचे. चादर बदलायला उठवलं आणि दोघांनी धरावं लागलं की समजायचं, याच्यावर नजर ठेवायची.

एमडी_होतोय_कसाबसा:
सिस्टरांनी जे सांगितलं तेच तमिळनाडूने २०२२ पासून राज्यभर पद्धतशीर सुरू केलंय. टीबी निघाला की लगेच बघतात, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) १४ किंवा खाली आहे का, किंवा १६ पर्यंत असून दोन्ही पायांना सूज आहे का, श्वास मिनिटाला २४ च्या वर आहे का, ऑक्सिजन ९४ च्या खाली आहे का, आधाराशिवाय उभं राहता येतं का. यात सापडला की ॲडमिट. तुझ्या मामाचा बीएमआय १३ च्या आत आहे रे, म्हणजे घरी नेण्याचा विषयच नको.

दुसरं, दारूचं डॉक्टरांना स्पष्ट सांगितलंय का? अचानक बंद झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, माणूस बडबडतो, आणि नातेवाईक म्हणतात टीबी मेंदूत गेला. मेंदूचा टीबी असतो आणि तो फार वाईट, पण दोन्हीची ट्रीटमेंट वेगळी आहे. लिव्हर पण आधीच दुखावलेली असते, त्यामुळे उलट्या किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी सांगा, स्वतःहून गोळ्या बंद करू नका. आणि टीबीच्या गोळीतल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे शुगरच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो, इन्सुलिन लावलं तर घाबरू नका.

नाना_औषधी:
शेळीचं दूध आणि लसूण सुरू करा, आमच्या आज्याला यानेच गुण आला. दवाखान्यात माणूस खचतो.

शिफ्ट_संपली:
नाना, दूध द्या की, गोळ्यांसोबत द्या. पण पक्या, एकदम भरवायला जाऊ नकोस. उपाशी राहिलेल्या शरीरात अचानक भरपूर अन्न गेलं की रक्तातले क्षार ढासळतात, त्यानेही माणूस जातो. डाएटवाल्या मॅडमला विचारून थोडं थोडं वाढव. आणि ऑक्सिजन लावला असेल तर जेवताना मास्क तासभर काढून ठेवतात लोक, ते करू नका, नाकातली नळी मागून घ्या.

कोथरूडकर_७१:
आमचे बाबा टीबी उशिरा कळल्याने गेले. आधी एका खाजगी डॉक्टरने न्यूमोनिया म्हणून अँटिबायोटिकचे तीन कोर्स दिले, त्यातल्या एकाने टीबी थोडा दबतो हे नंतर कळलं, दर वेळी आठ दिवस बरं वाटायचं. बेडका तपासला तोवर अडीच महिने गेले होते, नंतर नऊ दिवसांत ते गेले. वजनाचं मात्र मनावर घ्या. झारखंडच्या रेशन्स अभ्यासात (टीबी पेशंटना जादा पोषण देऊन केलेला) पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी दिसला. मामाचे ५ टक्के म्हणजे पावणेदोन-दोन किलोच. निक्षय पोषणचे (टीबी पेशंटला खाण्यासाठी सरकार देतं ते) महिन्याचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून ५०० चे १००० झालेत, बँक पासबुक वॉर्डात देऊन ठेवा.

येवल्याचा_पक्या:
सगळ्यांचे आभार. दारूचं आम्ही लपवलंच होतं, मामीनेच "अधूनमधून घेतात" सांगितलेलं. आज सकाळी राउंडला खरं सांगितलं, डॉक्टर आमच्यावर जरा चिडले पण लगेच सलाईनमधून व्हिटॅमिन चालू केलं. एचआयव्ही निगेटिव्ह आला. मामी आता घरी चला म्हणत नाहीये, काट्यावर उभं करून वजन बघू म्हणतेय. उभे राहिले, कॉटचा गज धरून. ३६ किलो ४००, पण पायावर पाण्याची सूज आहे म्हणून सिस्टर म्हणाल्या हे धरू नका.