मदत हवी आहे: बेरजेचे शेवटचे आकडे शून्य का येतात?

सानूचा_बाबा: मुलीला उद्या चार्ट न्यायचाय. चौसष्ट घरांची बेरीज लिहायचीये, पण शेवटी नुसती शून्यं येतात. कॉलम रुंद केला, फॉरमॅट बदललं. 1 वजा केला तरी उत्तर तेच! चार्टवर मधली जागा मोकळी ठेवून पोर बसलीये. लवकर सांगा.

मीनलताई: कसली घरं? आणि करताय कशात?

सानूचा_बाबा: बुद्धिबळाच्या पटावरचे तांदूळ हो. दर घरात आधीच्या दुप्पट: 1, 2, 4, 8... सगळ्यांची बेरीज म्हणजे 2 चा 64 वा घात वजा 1. एक्सेलमध्ये 18446744073709600000 येतंय.

देवळालीकर: त्यापेक्षा आमच्या देवळालीच्या कापरेकर गुरुजींचा 6174 घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करा, पुन्हा तेच. 3524 घेतला तर 5432 वजा 2345 म्हणजे 3087. मग 8730 वजा 0378, 8352. मग 8532 वजा 2358, आला 6174! मुलांना फार आवडतं.

मीनलताई: देवळालीकर, विषय ठरलेला आहे त्यांचा. बाबा, एक्सेल 15च अंक धरतं, तुमचं उत्तर 20 अंकी. आणि ते शून्यावर संपूच शकत नाही. 2 च्या घातांचा शेवटचा अंक 2, 4, 8, 6 असा फिरतो. 64 ला 4 ने भाग जातो, म्हणून 6. त्यातून 1 गेला की 5.

रात्रपाळी: पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा टाका, एका ओळीचं काम.

सानूचा_बाबा: आत्ता रात्री कुठे टाकत बसू? दुसरं काही?

मीनलताई: मग तोडून करा. 2 चा 32 वा घात 4294967296, त्याचा वर्ग हवाय. 42949 आणि 67296 असे दोन तुकडे करा. पहिल्याचा वर्ग 1844616601, दोघांच्या गुणाकाराची दुप्पट 5780591808, दुसऱ्याचा वर्ग 4528751616. एवढं एक्सेल अचूक देतं. पहिल्यापुढे 10 शून्यं, दुसऱ्यापुढे 5, तिसरा तसाच. कागदावर एकाखाली एक मांडून बेरीज करा, 1 वजा करा. सानूलाच करू द्या.

रात्रपाळी: कडेला हेही लिहा: तुमच्या उत्तराला 641 ने भाग जातो. 4294967297 ही मूळ संख्या असावी असं गणिती फर्माला वाटत होतं, ऑयलरने 1732 मध्ये तिचा 641 हा विभाजक शोधला. तुमचं उत्तर म्हणजे 4294967295 गुणिले 4294967297, म्हणून तीच इथे आत बसलीये.

सानूचा_बाबा: आलं! 18446744073709551615. हातचे सगळे सानूने धरले. आता बाईंना अक्षरीही हवंय, कोटीच्या पुढे काय?

रात्रपाळी: 100 कोटी म्हणजे अब्ज, 100 अब्ज म्हणजे खर्व.

पाटणादेवी: खर्व 10 अब्जांचा! भास्कराचार्यांच्या 1150 च्या ‘लीलावती’ या गणितग्रंथात प्रत्येक नाव दहापटीने वाढतं.

रात्रपाळी: आज तसं कोण बोलतं? आम्ही शाळेत शंभरपटच शिकलो.

पाटणादेवी: शंभरपटीने जाऊन परार्ध कुठे बसवणार? बाबा, असं लिहा: 184 परार्ध 4 मध्य 6 अंत्य 7 जलधी 4 शंकू 4 महापद्म 7 खर्व 3 अब्ज 70 कोटी 95 लाख 51 हजार 615.

सानूचा_बाबा: सानू विचारतेय, महापद्म आणि खर्व यांच्यामधला निखर्व राहिला का?

पाटणादेवी: नाही गं बाळा, त्या घरात शून्य आहे. हे शून्य मात्र खरं.