गरोदर बाईवर नवीन औषध तपासावं का?

घाटंजीचा मास्तर: काल पारावर याच्यावरून जुंपली. माझं म्हणणं, नको. थॅलिडोमाइड आठवा. १९५७ मध्ये जर्मनीत बाजारात आलं, बायांनी मळमळीवर घेतलं. १९६१ मध्ये मागे घेतलं, तोवर हजारो पोरं आखूड हातापायांची जन्मली होती. आणि चाचणीला बाया कुठल्या येतील? कापूस वेचणाऱ्या, आमच्याच.

आर्णीची आशाताई: गुरुजी, ती गोळी बाजारात आली तेव्हा गर्भावर काय होते ते कोणी नीट पाहिलंच नव्हतं. तुमचा दाखला माझ्याच कामाचा! आमच्याकडं सिकलसेलच्या, म्हंजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या, पोरी हायत. हायड्रॉक्सियुरियानं दुखणं आटोक्यात राहते. दिवस गेले की सहसा गोळी बंद. जनावरांच्या बाळांना अपाय दिसला, माणसांची माहिती तोकडी. मग सातव्या महिन्यात पोरगी मांड्या धरून कण्हते. तिले काय सांगू, थांब म्हणून?

विदर्भ एक्सप्रेस: नागपुरात झालंय की हे. दोन सरकारी दवाखाने, २०१५ ते २०१७, बीपी भयंकर वाढलेल्या ८९४ गरोदर बाया. निफेडिपीन, लॅबेटॅलॉल, मिथाइलडोपा, तिघांपैकी एक गोळी. २०१९ ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं. तिन्ही चालतात, निफेडिपीन जरा सरस. सलाइन-इंजेक्शनची सोय नसेल तिथं गोळीवर भागतं, खेड्यातल्या पीएचसीला अजून काय पाहिजे?

घाटंजीचा मास्तर: ती जुनी औषधं हो, मी नव्याचं बोलतोय. बहिणीच्या सिझेरियनच्या वेळचं सांगतो. चार पानी कागद, सही कुठं करायची तिथं पेन्सिलीची फुली. जावई वावरात, मग सासूनं अंगठा लावला. बहीण शुद्धीत होती, तिला कोणी विचारलंसुद्धा नाही.

आर्णीची आशाताई: हे खरं हाय बाप्पा. चाचणीत सासूचा अंगठा चालत नाही. बाईले वाचता येत नसन तर तटस्थ साक्षीदार लागते, इजा झाली तर उपचार अन् भरपाई. औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांत हाय. पण कोरोनाचं पाहा ना. पहिल्या चाचण्यांतून गरोदर बाया वगळल्या, म्हणून त्यांना लसीची परवानगी जुलै २०२१ मध्ये आली. माही भावजय मे महिन्यात आठव्यात होती, लाट डोक्यावर. केंद्रावरून परत पाठवली.

घाटंजीचा मास्तर: तटस्थ साक्षीदार म्हणजे कोण, दवाखान्यातलाच शिपाई? बहिणीला तिच्या बोलीत समजावणारं माणूस आधी दाखवा. भावजयीचं मात्र वाईट झालं. बाळ-बाळंतीण बरी आहेत ना?