नाक तयार करायला बार कशाला पाहिजे

वर कोणीतरी लिहिलं की बिअर सोमेलिए, म्हणजे बिअर चाखून पारखणारा जाणकार, व्हायचं तर पुणे-बंगलोरलाच राहावं लागते, खेड्यातल्या पोराचं काम नाही. अर्धं बरोबर आहे बाप्पा. सिसेरोन म्हणून बिअरच्या जाणकारांना परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात, त्याची पहिली पायरी, सर्टिफाइड बिअर सर्व्हर, ती ऑनलाइनच आहे, ३० मिनिटांत ६० प्रश्न आणि पास व्हायला ७५ टक्के, त्याला फक्त नेट लागते (ते आमच्याकडे कधी असते कधी नसते ते सोडा). खरी अडचण दुसऱ्या पायरीला, तिथे चाखायची वेगळी परीक्षा असते, बिअर खराब झाली तर नेमकी कशानं हे ओळखावं लागते.

आता मी गडचिरोली जिल्ह्यातला, इथं १९९३ पासून दारूबंदी, मग सराव करावा कुठं? तर घरीच केला. स्टीलच्या डब्यांत लोणी, उकडलेलं कणीस, हिरवं सफरचंद, ओला पुठ्ठा असं ठेवायचं आणि बहिणीनं माझे डोळे बांधून एकेक डबा नाकाशी धरायचा. लोणी म्हणजे डायअसिटिल (बिअरला लोण्यासारखा वास आणणारं रसायन), पुठ्ठा म्हणजे बिअर शिळी, हवा लागलेली. एकदा कणसाच्या डब्याला मी शिजलेली कोबी म्हटलं, बहीण हसून हसून बेजार, पण डीएमएसचा (बिअरला कणसासारखा वास आणणारं दुसरं रसायन) वास दोन्हीसारखा येतो म्हणून पुस्तकात लिहिलंच आहे. आणि हो, लवंग अन् केळंही ठेवा, जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये हे वास कोणी टाकत नाही, यीस्टच करते. हे मला फार उशिरा कळलं.